तिसऱ्याचा लाभ

दोघांचे भांडण आणि तिसऱ्याचा लाभ, ही म्हण आपण मराठी शाळेच्या खालच्या इयत्तांतच मुलांकडून घोकून घेतो. या म्हणीतला तिसरा नेहमी लबाडच असतो. लोण्याची वाटणी करायला बसलेले माकड मुलांच्या डोळ्यांपुढे उभे राहते, आणि मग जन्मभर, दोघांच्या मध्ये जो कोणी येऊन बसेल त्याच्याकडे आपण त्या माकडाच्या ओळखीनेच पाहू लागतो. दलाल, अडत्या, मध्यस्थ, एजंट हे शब्द आपल्या भाषेत शिव्यांच्या अगदी शेजारी राहतात. कष्ट शेतकऱ्याचे, पैसा सावकाराचा, आणि पोट मात्र मधल्याचे सुटलेले, असे चित्र आपण मनाशी रंगवून ठेवले आहे. ते अगदीच खोटे नाही. पण ते पुरते खरेही नाही, आणि जे अर्धेच खरे असते त्याचा दिवाळीच्या निवांतपणात एकदा तरी उलटून विचार करावा, असे मला वाटते.

यासाठी मी जो माणूस निवडला आहे तो आपल्या गावचा नाही. अमेरिकेच्या मध्यभागी आयोवा, इलिनॉय, नेब्रास्का, कॅन्सस अशी मक्याची, सोयाबीनची आणि गव्हाची राज्ये पसरली आहेत. तिथल्या छोट्या छोट्या गावांत पीक विम्याचा एजंट म्हणून एक गृहस्थ असतो. बहुधा तो शेतकऱ्याचाच मुलगा असतो, कधी स्वतः शेतीही करतो. हा माणूस मला मोठा विलक्षण वाटतो. तो जी वस्तू विकतो तिची किंमत तो ठरवत नाही. त्याची कंपनीही ठरवत नाही. ती वॉशिंग्टनचे शेतकी खाते ठरवते, आणि एकाच शेताचा एकाच प्रकारचा विमा कोणत्याही कंपनीकडून घेतला तरी हप्ता पैशा-पैशाला तोच पडतो. पीक बुडाले तर नुकसान किती, हे ठरवण्याची त्याला मनाई आहे. त्यासाठी वेगळा तपासनीस येतो. भरपाई तो देत नाही. इतकेच काय, खूष होऊन आपल्या कमिशनातले चार डॉलर गिऱ्हाइकाला परत द्यावेत असे त्याच्या मनात आले, तर तेही, काही सहकारी संस्थांचा अपवाद सोडता, कायद्याने गुन्हा ठरते. किंमत नाही, निवाडा नाही, दातृत्वही नाही. मग हा माणूस करतो तरी काय? आणि जे काही करतो त्याचे न्याय्य मोल किती? हाच आजचा प्रश्न आहे. तो अमेरिकेचा आहे खरा, पण त्याचा आतला गाभा कोणत्याही देशाच्या नीतीचा आहे.

आधी या माणसाची जन्मकथा सांगितली पाहिजे, कारण तो आईबापांपेक्षा कायद्याच्या पोटी अधिक जन्मला आहे. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या सपाट प्रदेशावर धुळीची वादळे उठली, अवर्षण पडले, शेतकरी देशोधडीला लागले. खाजगी विमा कंपन्यांनी गारपिटीचा विमा पूर्वीच चालवला होता. पण अवर्षण गारेसारखे एका शेतावर पडून दुसरे वगळत नाही. ते साऱ्या राज्यावर एकदम पडते. ज्या वर्षी एकाला भरपाई द्यायची त्याच वर्षी सर्वांनाच द्यावी लागते. तेव्हा सबंध पिकाचा विमा करू पाहणाऱ्या कंपन्यांनी हात पोळून घेतले होते. म्हणून १९३८ साली, हेन्री वॉलेस शेतकी मंत्री असताना, सरकारने स्वतःचेच पीक विमा महामंडळ काढले आणि पहिल्याने गव्हाचा विमा सुरू केला. गंमत अशी की त्या वेळी हप्ता गव्हाच्या मापात धरला जाई आणि भरपाईही गव्हाच्याच मापात. आपल्या खळ्यावरच्या हिशेबाची आठवण व्हावी असाच तो व्यवहार होता. सुरुवातीची वर्षे तोट्याची गेली, १९४३ साली योजना बंद पडली, थोड्याच काळात पुन्हा उभी राहिली आणि पुढे कित्येक वर्षे ती थोड्या जिल्ह्यांत, प्रयोग म्हणून, रखडत चालली.

आपल्या गृहस्थाला खरे बाळसे आले ते १९८० च्या कायद्याने. सरकारने ठरवले की विमा देशभर न्यायचा, शेतकऱ्याच्या हप्त्यातला काही भाग आपण भरायचा आणि विक्रीचे काम खाजगी कंपन्यांकडे व त्यांच्या एजंटांकडे सोपवायचे. मग १९९४ च्या कायद्याने अगदी मोठ्या आपत्तीपुरता एक स्वस्त विमा निघाला. तो सरकारी शेतकी कचेरीतही मिळू लागला, आणि एजंटाला एका रात्रीत सरकारच प्रतिस्पर्धी म्हणून उभे राहिले. १९९६ च्या कायद्यानंतर हळूहळू ते गिऱ्हाईक पुन्हा त्याच्याकडे वळले. २००० साली हप्त्यावरची सरकारी मदत चांगलीच वाढली, शेतकरी अधिक वरच्या पायरीचा विमा घेऊ लागले. आज शेतकऱ्याच्या हप्त्याचा सरासरीने निम्म्याहून अधिक भाग सरकार भरते. कायदेमंडळाने एका कलमात शब्द बदलावा, आणि हजार मैलांवरच्या गावात या गृहस्थाच्या घरचा वर्षाचा ताळेबंद बदलावा, असे हे नाते आहे.

त्याच्या वर्षाचा क्रम पाहिला म्हणजे तो करतो काय हे कळते. फेब्रुवारीत शिकागोच्या बाजारात डिसेंबरच्या मक्याचे जे वायदे होतात, त्यांच्या सरासरीवरून त्या वर्षीचा विम्याचा भाव निघतो. मग १५ मार्चपर्यंत, म्हणजे जेमतेम दोन आठवड्यांत, मक्या-सोयाबीनच्या शेतकऱ्यांना निर्णय घ्यावा लागतो. १५ मार्च उलटली की दार बंद. जुलैच्या मध्यापर्यंत कोणत्या शेतात काय आणि किती पेरले याचा जबाब द्यायचा. हंगामानंतर पिकाची मापे द्यायची. या प्रत्येक कागदात एखादा आकडा चुकला तर भरपाई अडू शकते, आणि ती एजंटाच्या हलगर्जीने अडली तर शेतकरी त्याला कोर्टात खेचू शकतो.

हा झाला कारकुनीचा भाग. पण याच्या आत एक वेगळी गोष्ट दडलेली आहे. समजा, एका शेतकऱ्याचे सरासरी उत्पन्न एकरी १७० बुशेल मका आहे, आणि त्याने ८० टक्क्यांचा उत्पन्न-विमा घेतला आहे. म्हणजे १३६ बुशेलांची हमी. आता फॉर्मवर एक निवड असते: हंगामाच्या अखेरीस भाव चढला तर हमीही त्या चढ्या भावाने मोजायची, की फेब्रुवारीच्या भावाला बांधून ठेवायची? दुसरा प्रकार स्वस्त पडतो. २०१२ साली फेब्रुवारीचा भाव ५.६८ डॉलर होता. त्या उन्हाळ्यात भयंकर अवर्षण पडले, मका जळाला, आणि हंगामाचा भाव ७.५० डॉलर झाला. आपल्या शेतकऱ्याला समजा ६० च बुशेल पिकले. त्यांची किंमत ४५० डॉलर. पहिली निवड केलेल्याची हमी १,०२० डॉलर, म्हणजे भरपाई ५७०. दुसरी निवड केलेल्याची हमी ७७२ डॉलर ४८ सेंट, म्हणजे भरपाई ३२२ डॉलर ४८ सेंट. एकरी सुमारे अडीचशे डॉलरांचा फरक! पाचशे एकरांच्या शेताला सव्वा लाखाच्या आसपास. शेत तेच, ऊन तेच, घाम तोच. फरक फक्त मार्च महिन्यात टेबलापलीकडच्या माणसाने नीट समजावून सांगितले की नाही एवढाच. त्या एका वर्षात देशभर सतरा अब्ज डॉलरांहून अधिक भरपाई वाटली गेली. तिच्यातला केवढा तरी भाग कुणाच्या तरी चार शब्दांवर अवलंबून होता.

तेव्हा तो विकतो ती वस्तू विमा नव्हे. विमा तर सरकारचा आहे. तो विकतो तो समजावून सांगण्याचा कष्ट आणि वेळेवर दार ठोठावण्याची काळजी. मी मास्तर असल्यामुळे असेल कदाचित, पण मला हा व्यापारापेक्षा शिकवणीचाच धंदा वाटतो. पुस्तक सरकारचे, परीक्षा सरकारची, निकालही दुसऱ्याच्या हातचा. आपल्या हाती फक्त शिकवणे.

आता त्याच्या मोलाचा प्रश्न. शेतकरी जो हप्ता भरतो त्यात एजंटाचे कमिशन धरलेले नसते. कंपनीला विक्रीचा व कारभाराचा खर्च सरकार देते, आणि त्यातून कंपनी एजंटाला पैसे देते. शेतकऱ्याला म्हणूनच वाटते की हा सल्ला फुकट आहे. पण जगात फुकट काहीच नसते. ते कोणीतरी दुसरा भरत असतो. इथे तो दुसरा म्हणजे करदाता. शहरातला ट्रामवाला, दवाखान्यातली परिचारिका. शिवाय हा खर्च हप्त्याच्या टक्केवारीने मोजला जाई, आणि हप्ता पिकाच्या भावाबरोबर चढतो. मक्याचा विम्याचा भाव २००६ साली २.५९ डॉलर होता, २००७ साली ४.०६ झाला, २००८ साली ५.४०. दोन वर्षांत दुपटीहून जास्त. शेते तेवढीच, फॉर्म तेवढेच, कष्ट तेवढेच. कमिशन मात्र भावाच्या शिडीवरून आपोआप वर गेले. ओरड झाली. २००८ च्या शेतकी कायद्याने खर्चाचा दर काही अंशी उतरवला. २०१० साली सरकार आणि कंपन्या यांच्यात नवा करार झाला, त्यात खर्चाच्या रकमेवर मर्यादा आली, आणि एजंटाचे मूळ कमिशन त्या रकमेच्या ८० टक्क्यांवर जाऊ नये, नफ्यातला वाटा धरूनही ते शंभर टक्क्यांपलीकडे जाऊ नये, अशी बेडी बसली.

एजंटांनी या बेडीला अन्याय म्हटले. त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. भाव दुप्पट झाला म्हणजे शेतकऱ्याचे नुकसानही दुप्पट किमतीचे, आणि चूक झाली तर एजंटावरची जबाबदारीही दुप्पट. शिवाय भाव उतरतो तेव्हा कमिशनही उतरते, आणि त्या वेळी कोणी धावून येत नाही. दुसरी बाजू म्हणते, मोल कष्टाचे असावे, नशिबाचे नव्हे. इथे मला आपल्या गावगाड्यातला बलुतेदार आठवतो. सुतार, लोहार, चांभार यांनाही पीकपाण्यातून वाटा मिळे. पण तो खळ्यावर मिळे. पीक आले तर त्याची पाटी भरे, बुडाले तर तोही कुणब्याबरोबर उपाशी राही. त्या व्यवस्थेत दुसरे पुष्कळ अन्याय होते, जातीची बेडी होती, तिचे गोडवे मी गाणार नाही. पण मोलाचा एक धडा तिच्यात आहे: ज्याच्यासाठी राबायचे त्याच्या दैवात वाटेकरी व्हायचे. अमेरिकेतला एजंट शेतकऱ्याच्या पिकात वाटेकरी नाही. तो त्याच्या भीतीत वाटेकरी आहे. भाव चढला, धोका वाढला की त्याचा वाटा वाढतो. यात तो दुष्ट ठरत नाही. वैद्याचेही तसेच असते. पण ज्याचे पोट दुसऱ्याच्या भीतीवर भरते त्याने ती भीती वाढवता कामा नये, हा धर्म त्याच्यावर दुप्पट बंधनकारक होतो. वरच्या मर्यादेचा कायदा मला म्हणून न्याय्य वाटतो. तो कष्टाचे मोल कापत नाही. दैवाने दिलेले जास्तीचे माप तेवढे आवरतो.

किमतीत चढाओढ करू दिली तर आपोआप न्याय होईल, असे कोणी म्हणेल. तेही करून पाहिले गेले. २००३ च्या सुमारास एका कंपनीला सरकारने परवानगी दिली, की खर्च वाचवून शेतकऱ्याला हप्त्यात सूट द्या. एजंटांनी तीव्र विरोध केला. ते म्हणाले, मग आम्ही फक्त मोठ्या शेतकऱ्यांच्या मागे धावू, लहानाचे दार कोण ठोठावील? ही भीती खरी होती, आणि तिच्या आड स्वतःचे कमिशनही दडले होते. काही वर्षांतच संसदेने ती सूट बंद पाडली. एकाच वाक्यात लहान शेतकऱ्याची काळजी आणि स्वतःचे हित असे मिसळून असते, तेव्हा वेगळे करायचे कसे? हा प्रश्न मला त्या देशापेक्षा फार जवळचा वाटतो. आम्ही शिक्षक अनुदानासाठी मोर्चा काढतो तेव्हा फलकावर विद्यार्थ्यांचेच हित लिहितो. ते खोटे नसते. पण ते एकटेही नसते.

अमेरिकन तत्त्वज्ञ जोसाया रॉइस याने १९१४ साली, महायुद्ध पेटले त्याच वर्षी, युद्ध आणि विमा या विषयावर एक लहानसे पुस्तक लिहिले. त्याचे म्हणणे आपल्या म्हणीच्या अगदी उलट आहे. दोघांचेच नाते असले की ते धोक्याचे असते, असे तो म्हणतो. ऋणको-धनको, वादी-प्रतिवादी, शेजारी-शेजारी यांच्या हितांची टक्कर व्हायचीच. तिथे तिसरा आला, जो एकाचे मन दुसऱ्याला उलगडून सांगतो, की त्या जोडीचा समाज बनतो. न्यायाधीश, पेढीवाला, विम्याचा मध्यस्थ हे असे तिसरे. विचार सुंदर आहे. पण रॉइसच्या तिसऱ्याचे माकड केव्हा होते? माझ्या मते, तो दोघांपैकी एकाशी गुपचूप मिळाला म्हणजे. नॉर्थ कॅरोलायनातल्या तंबाखूच्या मुलखात हेच घडले. एजंट, तपासनीस, व्यापारी आणि शेतकरी यांनी संगनमत करून, विकलेली तंबाखू बुडाली असे दाखवून, सुमारे दहा कोटी डॉलर उकळले. २०१३ सालापर्यंत त्यात चाळीसएक जणांवर खटले झाले. तिथे एजंट आणि शेतकरी यांच्यात भांडण नव्हते. उलट फार प्रेम होते. लुबाडला गेला तो खोलीत हजर नसलेला करदाता. समोर बसलेल्याशी गोड वागणे हे सौजन्य आहे. जो समोर नाही त्याच्याशी सचोटीने वागणे ही नीती आहे.

आपल्याकडे दुसरी वाट चोखाळली गेली. २०१६ साली प्रधानमंत्री पीक विमा योजना आली. २०२३ च्या खरिपापासून महाराष्ट्रात शेतकऱ्याने एकच रुपया भरायचा, बाकीचा त्याचा हिस्सा राज्य भरील, असे ठरले. सेवाकेंद्र चालवणाऱ्याला टक्केवारी नाही. दर अर्जामागे विमा कंपनीकडून चाळीस रुपये. दिसायला हे निर्मळ आहे, भाव चढो वा उतरो, मोल तेवढेच. पण मोह नाहीसा झाला नाही, त्याने फक्त जागा बदलली. टक्केवारीवाल्याला मोठ्या हप्त्याचा मोह, तर नगावर मोल घेणाऱ्याला नग वाढवण्याचा. बोगस अर्जांचा गवगवा झाला, सरकारी जमिनीवरही पीक उभे असल्याचे दाखवले गेले, आणि २०२५ च्या खरिपापासून एक रुपयाची सवलत बंद होऊन खरिपाला दोन, रब्बीला दीड आणि नगदी पिकांना पाच टक्क्यांपर्यंतचा हिस्सा शेतकऱ्याकडे पुन्हा आला. यात सर्वांत जास्त मार कोणाला बसला? ज्याने खरेच पेरले, ज्याचे खरेच बुडाले, आणि चाळीस रुपयांत ज्याला कोणी काही समजावून सांगितले नाही, त्या सामान्य शेतकऱ्याला.

मग मधला माणूसच काढून टाकला तर? म्हैसूरच्या जे. एस. चक्रवर्ती यांनी १९२० सालीच पुस्तक लिहून सुचवले होते, की पावसाच्या मोजमापावरच विमा बांधावा. म्हणजे शेत पाहायला कोणी नको, भांडण नको. केवढी दूरदृष्टी! पण पर्जन्यमापक पाऊस मोजील. तुझ्या जमिनीला, तुझ्या कर्जाला, तुझ्या लेकीच्या लग्नाच्या वर्षाला कोणता विमा सोसेल, हे तो सांगणार नाही. ते सांगायला माणूसच लागतो.

अमेरिकेत शेतकी कायदा बहुधा पाचेक वर्षांनी नव्याने होतो. २०१८ च्या कायद्याची मुदत २०२३ साली संपली, ती पुढे ढकलली गेली. आणि ४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या मोठ्या कायद्याने हप्त्यावरची सरकारी मदत आणखी वाढवली, नव्या शेतकऱ्यांना पहिली दहा वर्षे जादा सवलत दिली. एजंटांना आनंद झाला असणार, आणि त्यात गैर काही नाही. परंतु ज्याची भाकरी कायद्याच्या तव्यावर भाजते त्याला कायद्याने सारे शिकवता येत नाही. किंमत बांधता येते, कमिशनाला मर्यादा घालता येते, तपासणी वेगळ्या हाती देता येते. प्रत्येक मोहापुढे एक एक कुंपण घालता येते. पण कुंपणाच्या आत उरते ती मार्च महिन्यातली ती खोली, तो फॉर्म आणि ते दोघे. तिथे तिसरा कोणी पाहत नसतो.

म्हणून या माणसाची, आणि त्याच्यासारख्या साऱ्या मधल्या माणसांची, मला एकच कसोटी सुचते. समोरच्याचे हित साधण्यासाठी स्वतःचा वाटा कमी होईल असा सल्ला त्याने कधी दिला आहे का? 'एवढा मोठा विमा तुला नको, तुझी जमीन पाण्याखालची आहे, खालच्या पायरीचा घे,' असे एखादा एजंट म्हणाला असेल, तर त्याने घेतलेल्या पुढच्या प्रत्येक डॉलरचा तो मालक आहे. वैद्य जेव्हा 'औषध नको, चार दिवस पडून राहा' म्हणतो, वकील 'खटला करू नका' म्हणतो, मास्तर 'शिकवणीची गरज नाही' म्हणतो, तेव्हा तेही या कसोटीला उतरतात. अशी माणसे थोडी असतील, पण आहेत. नाहीतर आपल्यापैकी कोणाचाच कोणावर भरवसा उरला नसता, आणि कोणताही विमा, कोणतीही पेढी, कोणतीही शाळा एक वर्षही चालली नसती.

बलिप्रतिपदेच्या दिवशी आपल्या घराघरांतून बळीचे राज्य येवो म्हणून मागणे मागितले जाते. ते राज्य जेव्हा यायचे तेव्हा येवो. तोवर बळीच्या आणि राज्याच्या मध्ये जो कोणी फॉर्म घेऊन बसला आहे, त्याचे मोल आपण चोख द्यावे आणि त्याच्याकडून सचोटीही तितकीच चोख मागून घ्यावी.